फळ्यावरचा दिनविशेष आणि आपला ३० सप्टेंबर

आपल्या भागातल्या आजोबांना जन्मतारीख विचारून बघा. बरेच जण एकच सांगतील, १ जून! एवढी माणसं एकाच दिवशी कशी काय जन्मली, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडेल. आपल्याला पडत नाही. शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजून शाळेच्या हिशोबाला बसेल अशी तारीख टाकून दिली. झाली जन्मतारीख!

पण खरी वेळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्की ठाऊक असते. ती सांगतात ती अशी : "रझाकाराच्या धामधुमीतला ह्यो", "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतो तवाची ही", "भूकंपाच्या आदल्या साली". म्हणजे बघा, दाखल्यावर तारीख आहे पण तिच्यात काहीच घडलेलं नाही. आणि आजीच्या बोलण्यात तारीख नाही पण अख्खं साल उभं राहतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दिनविशेष. लायब्ररीच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो तो. अमुक शास्त्रज्ञाचा जन्म, तमुक देशाची स्थापना, कुणीतरी कुठलं तरी शिखर सर केलं. आपण चप्पल काढता काढता वाचतो आणि आत जाईपर्यंत विसरतो. त्यात आपला दोष तरी काय म्हणा! या तारखांचे आपल्याकडे उपयोग दोनच. एक, एमपीएससीच्या पोरांना पाठांतरासाठी. दुसरा, मोबाईलवर स्टेटस ठेवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरतं आणि नवा इतिहास सुरू होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या तारखेमुळे आपण दरवर्षी काहीतरी वेगळं करतो, तीच तारीख लक्षात राहिली असं म्हणता येतं. बाकीच्या नुसत्या माहीत असतात. आणि धाराशिव जिल्ह्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरापोरींसाठी अशी तारीख शोधायला लांब जावं लागत नाही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. त्यात आपला निम्मा इतिहास येऊन बसला आहे.

सुरुवात १५ सप्टेंबरपासून करू. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, म्हणून इंजिनिअर्स डे. हा दिवस कॉलेजांमधून जोरात होतो. पोस्टर प्रेझेंटेशन, आईस्क्रीमच्या काड्यांचे पूल, फोटोला हार, एक पाहुणे आणि त्यांचं 'यू आर द फ्यूचर ऑफ द नेशन' छापाचं भाषण. विश्वेश्वरय्यांबद्दल आपल्याला काय माहीत असतं? पुण्यात शिकले, खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली, पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. पण त्यांचा आपल्याशी जास्त जवळचा संबंध आहे, तो भाषणात क्वचितच येतो. तो संबंध दुसऱ्या एका तारखेचा आहे.

२८ सप्टेंबर १९०८. या दिवशी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. वरच्या पाणलोटातले तलाव एकामागून एक फुटले, पाण्याचा लोंढा शहरात घुसला आणि हजारो माणसं गेली. आपला जिल्हा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे ती आपली राजधानीच. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी नुसते नदीकाठाला कठडे बांधा असं सांगितलं नाही. शहराच्या वर धरणं बांधून पूर तिथेच अडवायचा, असा आराखडा त्यांनी दिला. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि इसीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी नंतर शहराला प्यायचं पाणीही दिलं. उस्मानसागर ज्या मीर उस्मान अली खान यांच्या नावाने आहे, त्यांच्याच नावावरून आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. २०२३ मध्ये अधिकृत नाव धाराशिव झालं. सांगायचा मुद्दा असा की त्या संस्थानाने एका भयंकर तारखेचं उत्तर बांधकामाने दिलं. इंजिनिअर्स डेला हारापेक्षा ही गोष्ट सांगितली तर जास्त बरं होईल.

दोन दिवसांनी येतो १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी ध्वजवंदन, मग सुट्टी. हॉस्टेलची निम्मी जनता आदल्या दिवशीच एसटी पकडून गावाकडे गेलेली असते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला हे आपल्याला बालवाडीपासून पाठ आहे. पण त्या दिवशी धाराशिव स्वतंत्र नव्हतं, हे बाहेरच्या मित्राला सांगितलं तर तो अजूनही चकित होतो. आपलं स्वातंत्र्य तेरा महिने आणि दोन दिवस उशिरा आलं. त्याआधी त्यासाठी माणसं तयार होत होती ती आपल्याच मातीत. १९२१ मध्ये सुरू झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आज लोहारा तालुक्यात येते. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ज्यांना सगळ्या संस्थानाने ओळखलं, ते तिथे शिक्षक होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या तेव्हा पहिली मोठी चकमक झाली ती नळदुर्गला. तिथे बोरी नदीवरचा पूल न उडता शाबूत ताब्यात आला आणि सैन्याचा हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. ज्या बोरीवर नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाही काळात धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल बसवला, तीच ही नदी. आपण पावसाळ्यात नर-मादी धबधब्यासमोर सेल्फी काढायला जातो, पण धरणाच्या पोटात खोल्या ठेवून भिंत चारशे वर्षं कशी टिकली, हा प्रश्न किती जणांनी विचारला? आणि एका पुलाने लढाईचा वेग ठरवला, हे काड्यांचे पूल करताना कुणी सांगितलं? तुळजापूर, धाराशिव करत फौजा पुढे गेल्या, १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ ला शरणागती झाली.

या तारखेची सगळी बाजू सांगायची तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आपल्या घरांतून सांगितले जातात, आणि ते खरेच आहेत. पण १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांत आपल्याच जिल्ह्यात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवरही सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. मुक्तीचा आनंद याने कमी होत नाही. पण फळ्यावरच्या एका ओळीत तारीख मावत नाही, एवढं मात्र यातून कळतं. गंमत म्हणजे ज्या वर्षी हे घडलं त्याला आपल्या लोकांच्या कागदावर १९४८ म्हणतच नव्हते. घरातले जमिनीचे जुने कागद काढून बघा. तिथे सालं फसली आहेत. ते साल होतं १३५७ फसली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३.

आपण कुणीच तेव्हा नव्हतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपल्या आणि लातूर जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नवीन जागी वसवावी लागली. सगळं जग याला किल्लारीचा भूकंप म्हणतं, सरकारी भाषेत तो लातूरचा भूकंप. पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं आपल्याच जिल्ह्यातली. आणि १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत किल्लारीसुद्धा उस्मानाबाद जिल्ह्यातच होती की!

आता इंजिनिअर म्हणून या तारखेकडे बघू. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी सांगतात. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा भूकंप झाला. तोही पहाटेच, माणसं झोपेत असताना. तिथे एवढ्या मोठ्या शहरात मृत्यू साठच्या आसपास. भूकंप मोठा असून मृत्यू कमी, आणि आपल्याकडे भूकंप लहान असून दहा हजार! दिनविशेषात 'भूकंपाने दहा हजार बळी' असं लिहितात. खरं तर माणसं मेली ती पडलेल्या घरांखाली.

ती घरं कशी होती? तुमच्या-माझ्या गावात अजून आहेत तशीच. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, जोडायला नुसती माती. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर, मधल्या पोकळीत खडी-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर खणाचं माळवद. पाऊस गळू नये म्हणून माळवदावर दर एक-दोन वर्षांनी मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. आजोबांच्या काळात जेवढं ओझं होतं त्याच्या कितीतरी पट नातवाच्या डोक्यावर आलं. हादरा बसला, भिंतीचे दोन्ही थर दोन बाजूंना फाकले, आणि सगळा ढिगारा झोपलेल्या माणसांवर. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या, भिंती मात्र खाली.

यात गावकऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शेतात दगड होता, नदीकाठी माती होती, उन्हाळ्यात घर गार राहायचं, चोराला भिंत फोडता यायची नाही. त्यांनी आपल्या परीने उत्तम घर बांधलं. प्रश्न त्यांच्यापर्यंत न पोचलेल्यांचा आहे. नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार घट्ट आहे, इथे काही होत नाही, असा सगळ्यांचा समज. वास्तविक ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेने तो समज मोडला होता. पण ती धरणाची भानगड म्हणून आपण निश्चिंत राहिलो. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द किल्लारीला धक्के बसले, तरीही घरं तशीच राहिली.

१९९३ मध्येच भारतीय मानक आय.एस. १३८२८ प्रसिद्ध झालं. दगड-मातीच्या कमकुवत बांधकामाला भूकंपात कसं टिकवायचं याच्या सूचना त्यात आहेत. भिंतीची जाडी फार वाढवू नका, दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि १.२ मीटर अंतरावर आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा फिरवा. पुढे २००२ मध्ये आय.एस. १८९३ सुधारलं, तेव्हा पहिला झोनच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या झोनमध्ये गेला. आपण परीक्षेत 'झोन थ्री, झेड बरोबर ०.१६' असं घोकून लिहितो ना, ती किंमत इथल्या माणसांनी मोजलेली आहे. सरांनी फळ्यावर तो आकडा लिहिताना एक वाक्य जास्त सांगितलं पाहिजे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

यावर मित्र काय म्हणतील तेही माहीत आहे. पहिला आक्षेप : "अरे, दुःखाचा दिवस काय साजरा करायचा?" मान्य! म्हणूनच मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. जयंती साजरी करतात, दिवस पाळतात. आपण हा दिवस पाळायचा. आणि बाधित गावांत बस भरून जायचं, स्मारकासमोर ग्रुप फोटो काढायचा, तिथल्या म्हाताऱ्यांना 'तुम्हाला तेव्हा कसं वाटलं' असं विचारायचं, असलं तर अजिबात करायचं नाही. त्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर खूप सांगून झालंय.

दुसरा आक्षेप : "तीस वर्षं उलटून गेली, आता सगळीकडे स्लॅब झाला." इथेच तर गोम आहे. पहिली गोष्ट, जुनी दगड-मातीची घरं संपलेली नाहीत. कुणी गोठा केलाय, कुणी अजून राहतंय. भूकंपानंतर दिलेल्या पक्क्या घरांना लोकांनी गरजेप्रमाणे खोल्या जोडल्या. त्या जोडखोल्या कशा बांधल्या, हे कोण बघतं? दुसरी गोष्ट, स्लॅब म्हणजे सुरक्षित हा नवा गैरसमज. मेन रोडवर उभं राहून बघा. खाली शटरची दुकानं, भिंत नावाला नाही, आणि वर दोन-तीन मजले चढवलेले. कॉलमच्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळवायचे असतात, हे आपण डिटेलिंगच्या शीटवर सुबक काढतो. साईटवर मिस्त्री ते ९० अंशात वाकवतो, कारण काम लवकर उरकतं, आणि त्याला कुणी कारण समजावून सांगितलेलंच नसतं. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर, मग कॉलमवर पाणी कोण मारणार? क्युरिंग अर्धवट, काँक्रीट कच्चं. म्हणजे १९९३ ला माळवदाने जे केलं ते उद्या स्लॅब करू शकतो. फरक एवढाच की यावेळी नकाशाने आधीच सांगून ठेवलंय आणि आपण पदवीही घेतलेली असेल.

जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामा भागात महाभयंकर भूकंप झाला. १९६० पासून तिथे १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन आहे. त्या दिवशी शाळा-कचेऱ्यांतून सराव होतात. पोरं टेबलाखाली शिरतात, बाहेर पडायचे रस्ते तपासले जातात. ज्यांनी १९२३ पाहिलं त्यांतलं कुणी क्वचितच उरलं असेल, पण तारखेचं काम चालू आहे. आपल्याकडे सप्टेंबर संपतो आणि मिड-सेमच्या मार्कांची चर्चा सुरू होते.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. ३० सप्टेंबरच्या आठवड्यात प्रत्येकाने एकच घर तपासायचं. स्वतःचं, शेजाऱ्याचं, रूम घेऊन राहतो त्या मालकाचं, कुणाचंही. एका पानाचा मराठी फॉर्म. भिंत कशाची, जाडी किती, कोपऱ्यात तडा आहे का, आरपार दगड दिसतो का, पट्टा आहे का, माळवदावर मातीचा थर किती, कॉलम किती मजल्यांसाठी होते आणि आता मजले किती. शेवटी घरमालकाला समजेल अशा भाषेत दोन ओळी : काय धोक्याचं आहे आणि थोड्या खर्चात काय करता येईल. दुरुस्ती सुचवण्याआधी तो फॉर्म सरांना दाखवायचा, म्हणजे अर्धवट ज्ञानाने कुणाचं नुकसान व्हायला नको. माळवदावरची जास्तीची माती खाली उतरवणं, एवढी एक गोष्ट जरी चार घरांत झाली तरी दिवस कारणी लागला.

हे फक्त सिव्हिलवाल्यांचं काम समजू नका. कॉम्प्युटरच्या पोरांनी फॉर्मची नोंद ठेवायची, म्हणजे दरवर्षी शून्यापासून सुरुवात होणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी तर पर्वणीच! मोबाईलमध्ये अॅक्सेलेरोमीटर असतोच, त्यावरून कंपनं मोजायचा मिनी प्रोजेक्ट दरवर्षी कुणी ना कुणी इंटरनेटवरून उतरवतो. तोच इथे खऱ्या कामासाठी करा. मेकॅनिकलवाल्यांनी वर्कशॉपमध्ये छोटं शेक टेबल बनवावं. त्यावर एक मातीत रचलेली भिंत आणि एक आरपार दगड घातलेली भिंत ठेवून गावच्या मिस्त्रींना बोलावून दाखवावी. दहा लेक्चरनी जे कळणार नाही ते त्यांना दहा सेकंदांत कळेल. मिस्त्रींना सर्टिफिकेट द्या, चहा-पोहे द्या. इंजिनिअर्स डेच्या हार-तुऱ्यांतून तेवढे पैसे सहज निघतील.

शेवटी एवढंच की विश्वेश्वरय्यांचं नाव आपण १५ सप्टेंबरला घेतो. त्यांनी केलं ते काम २८ सप्टेंबरसाठी होतं. आपल्या वाट्याला ३० सप्टेंबर आला आहे. सुरुवात दहा जणांनी केली तरी पुरे, दहा घरं तर होतील. फॉर्मचा कच्चा नमुना मी तयार केला आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी मराठी विभागाच्या संपादकांकडे नाव, वर्ष आणि आपल्या गावाचं नाव देऊन ठेवावं, म्हणजे कुणी कुठलं घर बघायचं ते वाटून घेता येईल.

- एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, स्थापत्य